साखळदंड कोणाचे?

गेल्या प्रायश्चित्तकाळात भरलेल्या एका प्रार्थना मेळाव्याला आम्ही हजर होतो. मांडव भरलेला होता, गायन उत्तम होते, आणि दुपारच्या सत्रातले वक्ते बोलण्यात वाकबगार होते. बोलता बोलता ते मनाच्या आजारांकडे वळले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : डॉक्टरांची निदाने दर वीस-पंचवीस वर्षांनी बदलतात, काल ज्याला रोग म्हटले त्याला आज रोग म्हणत नाहीत, आणि काल ज्याचे नावही कोणी ऐकले नव्हते तो आज रोग ठरतो, ज्या शास्त्राला स्वतःचे शब्द टिकवता येत नाहीत त्याच्या गोळ्यांवर विसंबण्यापेक्षा, जो कधीच बदलत नाही त्या प्रभूवर विसंबा. टाळ्या पडल्या. आमच्या पुढच्या रांगेत एक तरुण शिक्षिका आपल्या आईसोबत बसली होती. ती तीन वर्षे लिथियम घेत होती आणि त्या तीन वर्षांत तिचा एकही तास बुडाला नव्हता, हे आम्हांला मागाहून कळले. मेळाव्याहून परतल्यावर तिने गोळ्या बंद केल्या. सातव्या आठवड्यात तिला रात्री दोन वाजता रिक्षात घालून रुग्णालयात न्यावे लागले. ती आता घरी आहे. शाळा मात्र सुटली आहे.

हे आम्ही कोणावर खटला भरण्यासाठी सांगत नाही. वक्त्यांचा हेतू वाईट होता असे आम्हांला वाटत नाही. त्यांचा युक्तिवाद वाईट होता, आणि तो आपल्या वाड्यावस्त्यांतून इतक्या सहजपणे फिरतो आहे की त्याला आता उत्तर दिले पाहिजे. त्यातला अर्धा भाग खरा आहे, हीच त्यातली मेख आहे. निदाने खरोखरच बदलली आहेत. कधी शहाणपणाने बदलली, कधी लाजिरवाण्या रीतीने. परंतु त्यावरून जो निष्कर्ष काढला गेला तो त्यातून निघत नाही.

वेड्या माणसासाठी मराठीत शब्दांचा तुटवडा नाही. झपाटलेला, पछाडलेला, लागीर झालेला, भ्रमिष्ट, डोके फिरलेला. यातला प्रत्येक शब्द म्हणजे एकेक निदानच आहे : एकात भूत आहे, एकात पाठलाग करणारे काहीतरी आहे, एकात डोक्यातला बिघाड आहे. ग्रीकांनी विषादाला काळ्या पित्ताचे नाव दिले. इंग्रजांनी वेडाचा संबंध चंद्राशी जोडला, आणि तो चंद्र त्यांनी आमच्या कायद्यातही आणून बसवला. १९१२ चा 'इंडियन लूनसी ॲक्ट' या देशात थेट १९९३ च्या एप्रिलपर्यंत लागू होता. १९८७ चा नवा कायदा संमत होऊनही सहा वर्षे कपाटात पडून होता. आमच्या चरकाने उन्मादाचे पाच प्रकार केले. चार शरीरातल्या दोषांमुळे होणारे आणि पाचवा बाहेरून येणारा, म्हणजे आगंतू. पण तोच चरक पुढे असेही सांगतो, की ज्याने स्वतःच स्वतःला क्लेश दिलेले नाहीत त्याला देव, गंधर्व किंवा पिशाच्च त्रास देत नाहीत. दोन हजार वर्षांपूर्वीच्या मानाने हे धाडसाचे विधान म्हटले पाहिजे. मात्र त्यात एक काटाही आहे : भुताला निर्दोष सोडताना त्याने रोग्याला दोषी धरले. आपल्याकडे कोणाच्या घरात असा आजार निघाला की शेजारी 'काय पाप केले असेल' म्हणून कुजबुजतात, त्या कुजबुजीचे वय बरेच मोठे आहे.

आमचे दुसऱ्या बाजूचे काही मित्र ही कथा अगदी सोपी करून सांगतात. त्यांच्या मते ख्रिस्तसभेने वेड्यांना सैतानाचे हस्तक ठरवून जाळले आणि विज्ञानाने येऊन त्यांना सोडवले. हेही आम्हांला मान्य नाही. पण नाकारण्यापूर्वी जे कबूल केले पाहिजे ते कबूल करू. १४८६ च्या सुमारास चेटकिणींच्या शोधाविषयी जो कुप्रसिद्ध लॅटिन ग्रंथ निघाला तो लिहिणारा धर्मगुरूच होता, आणि त्यानंतरच्या दोन शतकांत ज्यांच्यावर खटले चालले त्यांत मनाने आजारी असलेल्या स्त्रियाही होत्या. १५६३ मध्ये योहान वायर या वैद्याने लिहिले, की यांतल्या पुष्कळशा बायका विषादाने पीडित आहेत, त्यांना न्यायाधीश नको, वैद्य हवा. १६३१ मध्ये फ्रीडरिश श्पे या येशूसंघीय धर्मगुरूने आपले नाव न घालता एक पुस्तक प्रसिद्ध केले आणि दाखवून दिले, की यातना देऊन मिळवलेल्या कबुलीला काडीची किंमत नसते. म्हणजे जाळणारेही आमचेच होते आणि जाळू नका म्हणणाराही आमचाच. १६१४ च्या रोमन विधिग्रंथात भूतोच्चाटनाच्या प्रकरणाच्या आरंभीच धर्मगुरूला बजावले आहे, की एखाद्याला भूतबाधा झाली आहे यावर सहजासहजी विश्वास ठेवू नये, आणि बाधा झालेला कोण व विषादाने किंवा अन्य रोगाने ग्रासलेला कोण हे आधी ओळखावे. चारशे वर्षांपूर्वीची ही सूचना आमच्या आजच्या काही मांडवांत पोहोचलेली नाही.

ती न पाळल्यास काय होते याचे उदाहरण शोधायला मध्ययुगात जावे लागत नाही. १९७६ च्या जुलैमध्ये जर्मनीतल्या बव्हेरिया प्रांतात एक तेवीस वर्षांची विद्यार्थिनी मरण पावली. तिला अपस्माराचे झटके येत, त्यासाठी तिच्यावर उपचार झालेले होते. पुढे दोन धर्मगुरूंनी बिशपांच्या परवानगीने दहा महिने तिच्यावर भूतोच्चाटनाचे विधी केले. मरताना तिचे वजन जेमतेम तीस किलो होते. १९७८ साली न्यायालयाने तिचे आईवडील व ते दोन्ही धर्मगुरू यांना निष्काळजीपणामुळे झालेल्या मृत्यूबद्दल दोषी धरले. त्या आईवडिलांचे आपल्या मुलीवर प्रेम नव्हते असे कोण म्हणेल? १९९९ मध्ये हा विधी ख्रिस्तसभेने नव्याने प्रसिद्ध केला तेव्हा वैद्यक व मानसोपचार यांच्या जाणकारांचा सल्ला घेण्याची सूचना त्यात आहे. बिशपांच्या स्पष्ट अनुमतीवाचून तो कोणी करू नये हे तर कॅनन कायद्यातच आहे. मग रविवारी दुपारी कोणाच्याही डोक्यावर हात ठेवून 'बाहेर नीघ' म्हणून ओरडणारे आमचे बंधू ही अनुमती कोठून आणतात?

आता त्या मित्रांना दिलेल्या नकाराकडे वळू. १४०९ च्या फेब्रुवारीत स्पेनमधल्या वॅलेन्सिया शहरात जोआन जिलाबेर्त जोफ्रे नावाचे एक धर्मगुरू कॅथेड्रलमध्ये उपदेशासाठी निघाले होते. वाटेत काही पोरे एका वेड्याला मारताना, त्याची टर उडवताना त्यांनी पाहिले. ते मधे पडले, आणि मग वेदीजवळ जाऊन त्यांनी ठरवलेला उपदेश बाजूला ठेवून या निराश्रितांबद्दल सांगितले. ऐकणाऱ्यांत व्यापारी होते. त्यांनी पैसे उभे केले आणि तेथे मनोरुग्णांसाठी रुग्णालय निघाले. त्याच्याही आधी, १२८४ मध्ये, कैरोत सुलतान कलावून याने बांधलेल्या मोठ्या रुग्णालयात मनोरुग्णांची सोय होती, हे येथे सांगून टाकले पाहिजे; दयेची मक्तेदारी कोणा एका धर्माकडे नाही.

संत जॉन ऑफ गॉड यांचे नाव आपल्याकडे अनेकांना ठाऊक असते, पण त्यांचे आजारपण ठाऊक नसते. मूळचे पोर्तुगालचे, मेंढपाळ, मग शिपाई, मग ग्रॅनडा शहरात पुस्तके विकणारे. १५३०च्या दशकाच्या अखेरीस आविलाच्या योहानांचा एक उपदेश ऐकून ते इतके विस्कटले, की कपडे फाडून, पुस्तके उधळून रस्त्यातून आक्रोश करीत फिरू लागले. पोरांनी दगड मारले. अखेर त्यांना तिथल्या राजरुग्णालयात टाकण्यात आले, आणि त्या काळच्या उपचारपद्धतीप्रमाणे बांधून फटके देण्यात आले. तेथून बाहेर पडल्यावर या माणसाने आजाऱ्यांसाठी स्वतः रुग्णालय काढले, आणि रोग्याला कसे वागवू नये हे त्याला कोणाकडून शिकावे लागले नाही. १६९० मध्ये ख्रिस्तसभेने त्यांना संत म्हणून गौरविले. आमच्या वक्त्यांना आम्ही विचारतो : ते आज तुमच्या मांडवात आले असते, तर तुम्ही त्यांच्यातून काय काढले असते?

आणि बेल्जममधले गेल. या गावाबद्दल आम्ही थोडे सविस्तर लिहिणार आहोत, कारण आमच्या सगळ्या प्रतिपादनाचे बळ तेथे आहे. आख्यायिका अशी, की आयर्लंडच्या एका राजाला पत्नीच्या मृत्यूनंतर वेड लागले आणि त्याने आपल्या मुलीशीच लग्न करायचे ठरवले. ती मुलगी, डिंफ्ना, आपल्या धर्मगुरूसह पळून गेल येथे आली. बापाने पाठलाग करून तिचा शिरच्छेद केला. ही कथा तेराव्या शतकात लिहिली गेली आणि तिच्यात इतिहास किती याची खात्री कोणी देणार नाही. पण तिच्या कबरीपाशी लोक आपल्या वेड्या नातलगांना घेऊन येऊ लागले, हा मात्र इतिहास आहे. नऊ दिवसांची नोव्हेना करायची. त्यासाठी चर्चला लागून रुग्णांची एक खोली बांधली गेली. गर्दी वाढली, खोली पुरेना, तेव्हा गावकऱ्यांनी त्यांना आपापल्या घरी ठेवून घेतले. नऊ दिवस झाले तरी कित्येक बरे होत नसत, आणि कित्येकांना न्यायला कोणी येत नसे. ते तसेच राहिले. जेवायला पंगतीत, कामाला शेतात, रविवारी मिस्साला. हे पाच-सहा शतके चालले. फ्रान्सचे नामांकित मनोवैद्य एस्किरोल १८२१ मध्ये हा प्रकार पाहायला तेथे जाऊन आले. १८५०च्या सुमारास शासनाने व्यवस्था हाती घेतली, वैद्यकीय देखरेख आली. १९३०च्या दशकाच्या अखेरीस त्या गावात साडेतीन हजारांहून अधिक मनोरुग्ण कुटुंबांतून राहत होते. आज ती संख्या खूपच रोडावली आहे, पण प्रथा मोडलेली नाही. गेलमध्ये त्यांना रोगी म्हणत नाहीत, घरात राहायला आलेला माणूस म्हणतात. आणि कुटुंबाला त्याचे निदान सांगण्याचीही परंपरेने रीत नव्हती. त्याला भिंतीवर सिंह दिसतात एवढे कळले की पुरे, मग घरची बाई ते सिंह हाकलून लावते आणि चहा ठेवते.

यावर कोणी म्हणेल, पाहा, गेलमध्ये निदानावाचून चालले! होय, घरात चालले. तेथे दवाखानाही होता, वैद्यही होते, आणि औषधे आली तेव्हा गेलने ती नाकारली नाहीत. डॉक्टरने निदान करावे, घराने माणूस सांभाळावा, अशी ती वाटणी होती. नोव्हेना संपल्यावर जो बरा झाला नाही त्याला 'तुझा विश्वास कमी पडला' असे गेलच्या लोकांनी सुनावले नाही. त्यांनी आणखी एक ताट वाढले.

निदानांच्या बदलाकडे आता सरळ पाहू. आमचे वक्ते म्हणतात त्याहून कडू गोष्टी त्या इतिहासात आहेत. १८५१ साली अमेरिकेच्या दक्षिणेकडील सॅम्युअल कार्टराइट या डॉक्टरने 'ड्रॅपेटोमेनिया' नावाचा रोग जाहीर केला. लक्षण : गुलाम पळून जातो. उपाय : वेळीच चाबूक. सोव्हिएत रशियात सरकारशी मतभेद असणाऱ्यांना 'मंदगती स्किझोफ्रेनिया' झाल्याचे ठरवून डांबले जात असे. जागतिक मानसोपचार संघटनेतून हकालपट्टी होण्याची वेळ आली तेव्हा १९८३ मध्ये तिथली संस्था स्वतःच बाहेर पडली. समलिंगी ओढ हा अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या यादीत १९७३ पर्यंत विकार होता. जागतिक आरोग्य संघटनेने तो १९९० मध्ये काढला. १९५२ च्या पहिल्या अमेरिकन सूचीत शंभराच्या थोडे वर विकार होते, १९९४ च्या चौथ्या आवृत्तीत ते तीनशेच्या जवळ गेले. २०१३ च्या पाचव्या आवृत्तीने तर शोकाला दिलेली सूटही काढून घेतली : घरात मृत्यू होऊन दोन आठवडे उलटले आणि नैराश्याची लक्षणे पुरी झाली तर निदान करता येते. चौथ्या आवृत्तीचे प्रमुख ॲलन फ्रान्सिस यांनीच त्यावर कडाडून टीका केली, आणि येथे आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. आपल्या गावांत ज्या घरी मयत होते तेथे शेजारणी कित्येक संध्याकाळी रोझरीला जमतात, महिन्याची मिस्सा होते, वर्षाची होते, विधवा वर्षभर काळे नेसते. दोन आठवड्यांत माणूस सावरला पाहिजे असे ज्यांनी ठरवले त्यांनी कधी कोणाच्या ओसरीवर बसून रोझरी म्हटली नसावी.

तर मग वक्ते बरोबर होते? मुळीच नाही. त्याच १८५१ सालाकडे पुन्हा पाहा. कार्टराइट अमेरिकेत चाबकाचे औषध सुचवत होता, तेव्हाच पॅरिसच्या साल्पेत्रियेर रुग्णालयात जाँ-पिएर फाल्रे हा वैद्य एका चक्राकार वेडाचे वर्णन करीत होता. तोच रोगी काही महिने उधाणलेला, काही महिने खचलेला, मधे काही काळ अगदी शहाणा, आणि पुन्हा फेरा सुरू. वर्षानुवर्षे त्याच रोग्यांजवळ राहिल्यावाचून हा फेरा दिसत नाही. फार पूर्वी कॅपॅडोशियाचा वैद्य अरेटियस यानेही एकाच माणसात ही दोन टोके पाहिली होती. १८९९ मध्ये जर्मनीच्या क्रेपेलिनने त्याला उन्माद-विषादाचे वेड म्हटले. १९८० पासून 'बायपोलर' हे नाव रूढ झाले. नावे चार झाली, पण जो रोगी अरेटियसने पाहिला तोच आमच्या पुढच्या रांगेत बसलेला होता. आता फरक पाहा. कार्टराइटने विचारले, मालकाला काय गैरसोयीचे आहे? फाल्रेने विचारले, या माणसाला काय होते आहे? पहिल्या प्रश्नातून निघालेले निदान गुलामगिरीबरोबर गाडले गेले. दुसऱ्यातून निघालेले नाव बदलत बदलत टिकून राहिले. १९७३ चा बदलही असाच समजून घ्यावा लागतो. इव्हलिन हूकर या मानसशास्त्रज्ञ बाईंनी १९५७ मध्ये दाखवून दिले होते, की समलिंगी पुरुषांच्या मानसिक चाचण्या इतरांच्या चाचण्यांत मिसळून दिल्या तर नाणावलेल्या तज्ज्ञांनाही त्या वेगळ्या काढता येत नाहीत. पुरावा पुढे आला, वाद झाला, मग यादी बदलली.

आणखी एक साल असेच जोडीचे आहे : १९४९. त्या वर्षी पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांना नोबेल पारितोषिक मिळाले, मनोरुग्णाच्या मेंदूचा पुढचा भाग छेदण्याच्या शस्त्रक्रियेबद्दल. हजारो माणसे त्या शस्त्रक्रियेने निर्जीव बाहुल्यांसारखी झाली. त्याच वर्षी ऑस्ट्रेलियात जॉन केड नावाच्या, साडेतीन वर्षे जपान्यांच्या युद्धकैदेत काढून आलेल्या एका अप्रसिद्ध डॉक्टरने आपल्या देशातल्या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा लेख छापला : उन्मादाच्या दहा रोग्यांना लिथियम दिले, आणि फरक पडला. रोग्यांना देण्यापूर्वी ते त्याने स्वतः घेऊन पाहिले होते. त्याचा पहिला रोगी पाच वर्षे वेडाच्या लाटेत सापडलेला होता. तो बरा होऊन कामावर गेला, मग त्याने औषध सोडले, आणि सहा महिन्यांत परत रुग्णालयात आला. पुढे याच औषधाचे प्रमाण अधिक झाल्याने तो दगावला, हेही लपवण्याचे कारण नाही. रक्तातली मात्रा मोजत मोजत लिथियम कसे द्यावे हे वैद्यांना नंतर उमगले. जगाने गौरवलेला उपाय मोडीत निघाला आणि कोणी दखल न घेतलेला उपाय उरला. आमच्या शिक्षिकेच्या डब्यातली गोळी ती हीच. ज्या शास्त्राला आपले नोबेलसुद्धा चुकले म्हणता येते त्याला चंचल म्हणून हिणवणे सोपे आहे.

आणि बदलणे हाच गुन्हा असेल, तर आपण आपल्याच घरात पाहू. १९१७ च्या कॅनन कायद्याने जाणूनबुजून आत्महत्या करणाऱ्यांना ख्रिस्ती दफन नाकारले होते. ज्याची बुद्धी ठिकाणावर नव्हती त्याला हा नियम लागू नव्हता. पण बुद्धी ठिकाणावर होती की नव्हती हे ठरवायला गावात कोण होते? आमच्या लहानपणी दफनभूमीच्या कुंपणालगत निवडुंगाच्या बाजूला एक कोपरा होता. तेथे क्रूस नव्हते. सर्व आत्म्यांच्या दिवशी सगळ्या कबरींवर मेणबत्त्या लागत, त्या कोपऱ्यात एक म्हातारी बाई अंधार पडल्यावर येऊन एकच मेणबत्ती लावून जात असे. तिच्या मुलाला काय झाले होते याला आज नाव आहे, कदाचित औषधही आहे. १९८३ च्या नव्या कॅनन कायद्यात दफन नाकारण्याच्या यादीतून आत्महत्या वगळली गेली. १९९२ च्या धर्मशिक्षणग्रंथाने सांगितले, की तीव्र मानसिक विकारामुळे माणसाची जबाबदारी कमी होऊ शकते, आणि अशा माणसाच्या तारणाविषयी आशा सोडू नये. यावर कोणी म्हणेल, तत्त्व बदलले नाही, माणसाकडे पाहण्याची समज वाढली. आम्हीही तेच म्हणतो. मग तोच न्याय डॉक्टरांना का नाही? दुःख तेच आहे. त्याविषयीची समज वाढली.

देशाचा कायदाही त्याच वाटेने उशिरा का होईना आला. २००१ च्या ६ ऑगस्टला तमिळनाडूतल्या एरवाडी येथे दर्ग्याच्या आसपास चालणाऱ्या एका खासगी आश्रयस्थानाला आग लागली. रोगी साखळ्यांनी बांधलेले होते. अठ्ठावीस माणसे गेली. त्यांच्या नातलगांनी त्यांना तेथे प्रार्थनेने गुण येईल म्हणून आणले होते, मारण्यासाठी नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्याने रोग्याला साखळीने बांधण्यास मनाई केली, आत्महत्येचा प्रयत्न करणारा तीव्र ताणाखाली होता असे गृहीत धरले, आणि एखाद्याचे आचारविचार समाजाच्या चालीरीतींना किंवा धर्मसमजुतींना सोडून आहेत एवढ्यावरून त्याला मनोरुग्ण ठरवता येणार नाही असेही स्पष्ट केले. कार्टराइटला हे उत्तर आहे. नव्या न्याय संहितेत, जी जुलै २०२४ पासून लागू झाली, आत्महत्येच्या प्रयत्नाला सरसकट गुन्हा ठरवणारे जुने कलम उरलेले नाही.

एवढे होऊनही राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाला २०१५-१६ मध्ये असे आढळले, की शंभरांतल्या दहाहून अधिक प्रौढांना त्या घडीला कोणता ना कोणता मानसिक विकार होता आणि त्यांतल्या बहुसंख्यांना उपचार मिळत नव्हते. पाहणी झालेल्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. आपले चित्र फार निराळे असेल अशी आशा कोणी बाळगू नये. डॉक्टर कमी आहेत हे एक कारण आहेच. दुसरे कारण आपण आहोत.

आपला दुटप्पीपणा पाहा. विवाह रद्द ठरवून घ्यायचा असला की आम्ही धर्मप्रांताच्या न्यायासनापुढे मानसोपचारतज्ज्ञाचा अहवाल घेऊन जातो. १९८३ च्या कायद्यातच मानसिक कारणांमुळे विवाहाची जबाबदारी पेलण्यास असमर्थ असणाऱ्यांचा उल्लेख आहे. तेथे निदान चालते. ख्रिस्ती घटस्फोटाच्या कायद्यातून २०१९ मध्ये कुष्ठरोग हे कारण वगळले, मनाचा असाध्य आजार हे कारण कायम आहे. तेथेही निदान चालते. नाते तोडण्यासाठी निदान पक्के आणि माणूस जोडून ठेवण्यासाठी गोळी घ्यायची म्हटले की निदान कच्चे, हा कोणता हिशेब? मधुमेहाच्या इन्शुलिनवर कोणत्या मेळाव्यात प्रवचन झाले? मोजमापाची पद्धत आणि मर्यादा तर त्या रोगाच्याही बदलत आल्या आहेत.

प्रार्थना सोडा असे आम्ही म्हणत नाही. आम्ही स्वतः ती सोडलेली नाही. गेलचे लोक नोव्हेना करीतच होते. परंतु मार्कलिखित शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय मांडवात वाचला जातो तेव्हा तो पुरता वाचला जावा एवढीच विनंती आहे. त्या प्रदेशात थडग्यांमध्ये राहणाऱ्या त्या माणसाला बेड्या आणि साखळ्या कोणी घातल्या होत्या? गावाने. प्रभूने त्याला एकही साखळी घातली नाही. तो शुद्धीवर येऊन, कपडे घालून शांत बसला, आणि प्रभूबरोबर येऊ द्या म्हणून विनवू लागला तेव्हा त्याला काय सांगण्यात आले? घरी जा, आपल्या माणसांकडे जा. गाव मात्र त्याला बरा झालेला पाहून घाबरले. त्याच शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात तर आणखी एक गोष्ट आहे, जिच्यावर आम्ही आजवर एकही प्रवचन ऐकले नाही : खुद्द प्रभूला धरून नेण्यासाठी त्याचे नातलग आले होते, कारण त्याचे भान सुटले आहे असे लोक म्हणत होते.

त्या मेळाव्याच्या आयोजकांना आम्ही पत्र लिहिले आहे. त्यात दोनच मागण्या आहेत. दर सत्राच्या आरंभी, कोणीही डॉक्टरांना विचारल्यावाचून कोणतेही औषध बंद करू नये, असे व्यासपीठावरून सांगावे. आणि मनाच्या आजारांवर बोलायचे असेल तर त्या दिवशी एखाद्या मानसोपचारतज्ज्ञाला मांडवात बोलवावे. तीन महिने झाले, उत्तर आलेले नाही. पुढच्या मेळाव्याचे फलक मात्र लागले आहेत, आणि वक्ते तेच आहेत.